कपाटातली चाळीस पानी वही

नववीतल्या टिल्लीने चाळीस पानी वहीत एक गोष्ट लिहिली, ती ग्रंथालयातल्या नव्या बाईंच्या हातात कोंबली आणि धूम ठोकली. बाईंनी ती एका दमात वाचून काढली. मग वहीला जाड पुठ्ठा घातला, नंबर चिकटवला आणि सरळ कादंबऱ्यांच्या कपाटात लावून टाकली.

दुसऱ्या दिवशी वही जागेवर नव्हती.

"कोणी नेली, बाई?"

"खेळाच्या सरांनी."

टिल्लीने जीभ चावली. गोष्टीतला दरोडेखोर हुबेहूब सरांसारखा होता. तशीच ढेरी, तशाच झुपकेदार मिशा आणि गळ्यात शिट्टीसुद्धा!

खेळाच्या तासाला ती रांगेत सगळ्यात मागे लपली. पण सर कवायत घ्यायचं विसरून पायरीवर वही वाचत बसले होते. शेवटचं पान उलटून त्यांनी मान वर केली.

"टिल्ले, इकडे ये!"

ती रांगेतून पुढे आली.

"हा दरोडेखोर," मिशांवरून हात फिरवत सर म्हणाले, "पुलावरून उडी मारतो आणि तू तिथेच गोष्ट संपवतेस? अगं, जगला की मेला तो?"

"जगवू का, सर?"

"हे काय विचारणं झालं? जगव! आणि एक घोडा दे त्याला. पांढराशुभ्र."

टिल्लीला हसू आवरेना. तास संपताच ती ग्रंथालयात धावली. तिथे तिच्या वहीसाठी अकरा जणांनी नंबर लावले होते आणि दोघी मैत्रिणी आपापल्या वह्या पुढे करत विचारत होत्या, "बाई, आमच्यापण लावाल कपाटात?"

टिल्लीचे पाय जमिनीला लागेनात.