याव शुआंगचं नाव

याव शुआंग माझी सख्खी बहीण नव्हे. नदीकाठच्या त्या नायकिणींच्या घरात मी आठ वर्षांची असताना आले, तेव्हा वाद्याच्या तारा जुळवायला तिनंच शिकवलं, म्हणून ताई. मी वाजवायचे, ती स्वतः रचलेलं म्हणायची. सुभेदार फान यांच्या मेजवानीत तिच्या कवितेशिवाय मद्याचा दुसरा पेला फिरत नसे.

एका जागी बसणं तिला माहीतच नव्हतं. आमची मालकीण हान-मावशी म्हणायची, "अगं, टेक जरा. तुला बघून मलाच धाप लागते."

त्या वसंतात सुभेदारांनी नदीवर नवा मंडप बांधला आणि ताईकडून त्यावर कविता मागून घेतली. चुली थंड ठेवायच्या सणाला सगळं गाव नदीवर लोटलं, तशा आम्हीही गेलो. कविता दगडात कोरली होती. अक्षर न अक्षर ताईचं, खाली नाव सुभेदारांचं. शेजारी एक म्हातारा सुनेला सांगत होता, "एवढा मोठा अधिकारी, पण मन बघ किती हळवं."

घरी येऊन ताई अंगणात फेऱ्या घालू लागली, त्या चार दिवस. भात पुढ्यात निवून जायचा. मध्येच कागद ओढायची, दोन शब्द लिहायची, फाडून टाकायची.

"सोड ना ताई," मी म्हटलं. "तुझी आहे, हे आपल्याला ठाऊक आहे."

"आणि आपण दोघी मेलो की?" असं म्हणून ती पुन्हा चालू लागली.

पुढच्या महिन्यात राजधानीहून तपासनीस आला. त्याला निरोप द्यायच्या मेजवानीत सुभेदारांनी फर्मावलं, पाहुण्यांच्या नावेवर कविता हवी. ताईनं डोळे मिटून सात ओळी म्हटल्या. आठव्या ओळीत शीड दिसेनासं होईपर्यंत काठावर उभी राहणारी बाई होती आणि तिचं नाव होतं याव शुआंग.

"शेवटची ओळ बदल," सुभेदार म्हणाले.

"सरकारांनीच बदलावी. मी लिहून घेते."

सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी एक शब्द घातला, यमक सुटलं. दुसरा घातला, ओळ लांबली. तपासनीस मिशीतल्या मिशीत हसला. "राहू द्या, फान-साहेब. मंडपावरची इतकी सुबक जमली, आज काय झालं?"

तीन दिवसांत ताईला सरहद्दीच्या छावणीवर पाठवायचा हुकूम निघाला. आमची नावं सरकारी पटावर, नाही म्हणायची सोय नव्हती. मला कुणी जा म्हटलं नव्हतं. मी गेले.

तिथंही ती तटावर फेऱ्या घालायची. वाऱ्यानं ओठ फुटायचे. शिपाई तिच्याकडून घरची पत्रं लिहून घ्यायचे आणि ती प्रत्येक पत्राखाली एक कविता जोडायची. नाव आत असं विणायची, की काढलं तर ओळ लंगडी व्हावी.

"बाई, हे काय?" एक हवालदार कुरकुरला. "बायको विचारेल, ही शुआंग कोण?"

"विचारू दे. विचारेल तर लक्षात ठेवील."

दुसऱ्या हिवाळ्यात तिचा खोकला छातीत उतरला. ताप चढला तरी उठून दाराकडे जायची, मी धरून आणायचे. बर्फ वितळायच्या आधी ती गेली. चौतीस वर्षांची होती. मी तिला उतारावर पुरलं आणि धान्य पोचवून परतणाऱ्या खेचरांबरोबर खाली आले.

आता माझे दात पडलेत. गेल्या शरदात हुआंगफू नावाचा एक पंडित जुन्या कविता गोळा करत माझ्याकडे आला. शिपायांच्या घरांतून त्याला तिच्या बावीस कविता मिळाल्या होत्या, सगळ्या तिच्याच नावानं. आणखी नऊ मी म्हणून दाखवल्या. मग मंडपावरची म्हटली.

त्याचा कुंचला थांबला. "आजी, ही तर फान-साहेबांची. दगडावर आहे."

"दगड त्यांचा. कविता तिची."

"काही पुरावा?"

पुरावा नव्हता. त्यानं वेगळा कागद घेतला, कविता उतरवली आणि नावाची जागा कोरी सोडली. माणूस भला, त्याच्यानं तेवढंच झालं. मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं, पण तेव्हापासून जिवाला स्वस्थता नाही. काल कळलं, नदीच्या खालच्या अंगाला दुसरा एकजण असाच संग्रह करतोय. नावाडी म्हणाला, "आजी, या वयात दहा दिवसांचा प्रवास झेपेल का?"

मी बोचकं बांधलंय. उद्या सकाळी निघते.