अंगठ्याएवढी जागा

शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर आल्यापासून तिला आवरणं कुणाच्या हातात राहिलं नव्हतं. "माशांची पिल्लं वाढू दिली नाहीत, तर उद्या जाळ्यात नुसतं पाणी येईल!" असं तिने हात उडवत सांगितलं होतं. आणि काय सांगावं, धक्क्यावरच्या लोकांनी खरंच नियम केला! मोजायच्या फळीवरच्या रेघेपेक्षा आखूड मासा आणला, तर होडी आठ दिवस काठावर. मोजायचं कुणी? तिनेच, शाळेआधी. नाव पडलं मोजणीबाई.

फळी साधीच. एका टोकाला उभी पट्टी, तिला माशाचं तोंड टेकवायचं. शेपटी लाल रेघेपर्यंत पोचली पाहिजे.

त्या सकाळी शेजारच्या काकूंचा मासा एक बोट कमी भरला.

"अगं, जरा ओढून बघ की," काकू म्हणाल्या.

"काकू, मासा आहे, स्वेटर नाही!"

सगळे खो खो हसले. काकूंची होडी आठ दिवस बंद.

पुढची टोपली बाबांची. तिने वरचाच मासा उचलला. मासा कसला, पिल्लूच. आठ दिवस घरात येरझारा घालणारे बाबा तिला दिसले. तिने मासा फळीवर ठेवला आणि तोंड नि पट्टी यांच्यामध्ये हळूच अंगठा सरकवला. शेपटी रेघेला टेकली.

"भरला!" आवाज चिरकाच निघाला.

कुणाच्या लक्षात आलं नाही. बाबांच्या आलं. त्यांचे कान लाल झाले.

"अंगठा काढ, बाळा," ते हळू म्हणाले. "पिल्लं मी आणली. तू कशाला लपवतेस?"

तिने अंगठा काढला. मासा पट्टीला टेकवला. काकूंच्या माशापेक्षाही जरासा आखूड. तोवर काकू निघाल्या होत्या.

"काकू, थांबा... मी फसवलं." स्पर्धेत अख्खं सभागृह दणाणून सोडणारा आवाज, पण आज तीनदा हाक मारावी लागली.

काकू आल्या, फळीकडे बघितलं. आता टोमणा येणार, म्हणून तिने डोळे मिटले. टोमणा आलाच नाही. काकूंनी फक्त तिच्या हातातून फळी काढून घेतली आणि स्वतःच मोजायला पुढची टोपली ओढली. बाबा होडी वर ओढायला गेले.

नंतर शाळेत, वर्गात बाईंनी प्रश्न विचारला. उत्तर तिला येत होतं. पण अंगठ्याला अजून माशाचा वास होता. तिने हात वर केला नाही.