होडी तू हो

"ओढा… हां!" आगर गावच्या किनाऱ्यावर होडी वर घेताना काशीनाथकाकाच्या हाकेवर सगळे एकदम ओढत. हात सोलवटले तरी दोर सोडायचा नाही.

आ-ब्लो. पहिल्या तुकड्यावर जोर : मी बोलते. दुसऱ्यावर जोर : ती बोलली.

डहाणू स्टेशनाजवळ, मोबाइलच्या दुकानावरच्या माडीत, स्पॅनिशचा क्लास.

तळहाताची आग.

ती आग नीलमच्या हाताची होती, आणि आता डोक्यात चढत होती.

जहाजावर नोकरी धरायला निघालेली तलासरी-कैनाडची पोरं तिच्याकडे शिकत. क्रियापदं फळ्यावर तोडून दाखवली तरी जोर कुठे द्यायचा ते त्यांच्या जिभेला कळेना, म्हणून तिने घरून होडीचा दोर आणला. शब्दाचे तुकडे करत म्हणायचं, जोराच्या तुकड्यावर ओढायचं. जीभ चुकली तरी पाठ चुकत नव्हती. क्लासचे मालक ललित सर तेव्हा म्हणाले होते, "हा काय तमाशा?" आज त्याच तमाशाची जाहिरात शूट होत होती. भिंतीवर बॅनर : 'ललित मेथड'.

"सर, हे माझं आहे."

"अगं, क्लासचं म्हणजे तुझंच ना! ऑफिसातली हर्षदा बोलेल. तिचा लूक कॅमेऱ्यात उठून दिसतो."

"आणि मी?"

"पोरांनी ओढायला पलीकडे कायतरी वजन पाहिजे ना? होडी तू हो. फक्त फ्रेमच्या बाहेर राहा, प्लीज."

हर्षदा मान खाली घालून पदर नीट करत राहिली. तलासरीचा प्रवीण पुटपुटला, "मॅडम, तुमी हाक द्या ना. यांच्या हाकेवर हातच चालत नाय."

"गप रे, रेकॉर्डिंग चालू आहे!" सर खेकसले.

नीलमने दोराचं टोक मनगटाला गुंडाळलं आणि पाय रोवले. "कांतामोस, आपण गातो," हर्षदा गोड आवाजात म्हणाली. "कान…" दोर ताणला. "ता…"

पोरांनी पाठ टाकून ओढलं. नीलमने मनगट मोकळं केलं आणि दोर सोडून दिला.

जन्मात पहिल्यांदा सोडला. पोरं एकमेकांवर कोसळली, शेवटचा बॅनरवर, बॅनर सरांवर.

"वेडी झालीस का? कुणाचा हातपाय मोडला असता!"

प्रवीण जमिनीवर बसून हसत सुटला होता. "मॅडम, होडी गेली ना वाहून!"

तिने दोर ओढून घेतला. कोपरावरून वेटोळं घालू लागली, एकेक फेरा घट्ट आवळत.

"दोर ठेव," सर बॅनरखालून ओरडले. "उद्या बॅच आहे. शिकवायचं कसं?"

"मेथड तुमची आहे. शिकवा."

जिन्यावर कुणी तिला अडवलं नाही.

नोकरी देताना ललित सरांनी नाक आक्रसून तिला एकच प्रश्न विचारला होता : घरी मासळी सुकवता का?