ऑइलची पट्टी आणि मोहपाड्याचा ढोल

गुरुवार, १३ मार्च २०२५. सकाळचे सहा वाजून वीस मिनिटे. वीरसिंगने ऑइलची पट्टी इंजिनातून ओढली, फडक्याने पुसली, पुन्हा तळापर्यंत बुडवली आणि बाहेर काढून उजेडात धरली. चौदा दिवसांतली ही चौदावी तपासणी. पट्टीवर दोन खुणा असतात. ऑइल वरच्या खुणेला असले तर पुरेपूर, खालच्या खुणेखाली गेले तर इंजिनाला घोर. आज ते खालच्या खुणेला जेमतेम टेकले होते. कालही तिथेच होते आणि काल त्याने पाव लिटर ओतले होते. परवाही पाव लिटर ओतले होते.

त्याने डबा उचलला आणि आजचे पाव लिटर ओतले.

छातीत मात्र सकाळपासून ढोल वाजत होता. आज होळी. संध्याकाळी मोहपाड्याचा मोठा ढोल काठी गावच्या होळीला निघणार होता, आणि गेली बारा वर्षे तो ढोल वीरसिंगच्याच जीपमधून जात आला होता. रस्ता नव्हता तोवर माणसे तो खांद्यावर नेत. रस्ता झाला आणि तो मान वीरसिंगच्या जीपला मिळाला. यंदा मात्र त्या मानावरच गदा आली होती. गेल्या सोमवारी घाट चढताना जीपने असा निळा धूर सोडला की मागे बसलेल्या बायका तोंडाला पदर लावून खाली उतरल्या. पाड्याचे कारभारी वाहरूबाबा यांनी त्याच सायंकाळी सांगून टाकले होते, "ढोल वाटेत थांबला तर मोहपाड्याची लाज जाईल. गुरुवारी दुपारपर्यंत गाडी सुधारली तर ठीक, नाहीतर ढोल धुडकूच्या जीपमध्ये."

धुडकू हा तळोदा-धडगाव मार्गावर जीप चालवणारा ड्रायव्हर. होळीच्या गर्दीसाठी तो दोन दिवस पाड्यावरच मुक्कामाला होता. लिंबाची काडी चावत तो जवळ आला.

"काय वीरसिंगभाऊ, आज बी पाजी ऱ्हायना का? तुन्ही जीप डिझेल कमी नि ऑइल जास्त पियस."

"तू आपली काडी चाव."

"मन्हं काय? संध्याकाळले ढोल मन्हा गाडीमा ठेवतीन, तवय तू बी बस. तुले पुढली सीट दिसू."

वीरसिंगने बोनेट दाणकन आपटले. राग धुडकूचा नव्हता. राग होता तो इंजिनाचा. रोज सकाळी दात घासण्याआधी तो ऑइल बघायचा. बारा वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. इतकी सेवा करूनही इंजीन असे उलटावे? धडगावच्या मिस्त्रीने न उघडताच निदान केले होते, "पिस्टनच्या रिंगा गेल्या. इंजीन उतरवावं लागेल, आठ दिवस धरा."

आठ दिवस. ढोल जायला उरले होते दहा तास.

घरातून निशा बाहेर आली. वीरसिंगच्या थोरल्या भावाची ही मुलगी नंदुरबारच्या तंत्रनिकेतनात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला होती आणि रात्रीच होळीसाठी घरी पोहोचली होती. तिच्या एका हातात चहाची वाटी होती, दुसऱ्या हातात वही. मागोमाग जसोदाबाई, वीरसिंगची बायको, गुळाचा डबा घेऊन आली.

"काका, धूर कधीपासून निघतोय?"

"झाले दहा-बारा दिवस."

"आणि ऑइल कमी कधीपासून दिसतंय?"

"चौदा दिवस. पहिल्या दिवशी तर पट्टीचं टोकच कोरडं निघालं. काळीज हललं माझं."

निशाने वहीत दोन ओळी लिहिल्या आणि ती ओळींकडे बघत राहिली. "म्हणजे ऑइल आधी कमी झालं आणि धूर नंतर आला. रिंगा गेल्या असत्या तर उलटं झालं असतं. आधी धूर, मग तूट. त्या दिवशी आणखी काय बिघडलं होतं?"

"काही नाही."

"काही नाही कसं?" जसोदाबाई म्हणाली. "त्याच्या आदल्या दिवशी सेल्फ बंद पडला ना? सगळ्या पाड्यानं धक्के मारले, माझ्यासकट. तेव्हापासून ही बया इथं उतारावर झोपते."

हे मात्र खरे होते. सेल्फ, म्हणजे किल्ली फिरवली की इंजीन सुरू करणारी मोटर, जळाला होता, नवा भाग शहाद्याहून यायचा होता. तोवर वीरसिंगने डोंगरातल्या प्रत्येक ड्रायव्हरचा जुना उपाय धरला: जीप उतारावर, तोंड खाली करून लावायची, चाकाला दगड द्यायचा. सकाळी दगड काढला की जीप घरंगळते, गिअर टाकला की सुरू होते. त्याआधी ती अंगणातल्या सपाट जागेवर उभी असे.

निशाने वाटी खाली ठेवली. बोनेट पुन्हा उघडून तिने पट्टी इंजिनाच्या कोणत्या बाजूला आहे ते पाहिले, मग उताराकडे पाहिले. तिचे डोळे असे चमकले की वीरसिंगला वाटले, पोरीला इंजिनात साप दिसला.

"काका, पट्टी मागच्या अंगाला आहे. गाडीचं तोंड खाली. मग इंजिनाखालच्या चेंबरमधलं ऑइल कुठं जमणार?"

"पुढं."

"आणि मागं पट्टीला काय लागणार?"

वीरसिंगने ऑइलच्या डब्याकडे पाहिले. चौदा दिवस त्याने उतारावरच्या पट्टीवर विश्वास ठेवला होता. चौदा पाव म्हणजे साडेतीन लिटर.

"पण ऑइल जास्त झालं तर चांगलंच की," जसोदाबाई म्हणाली. "जास्त जेवलं म्हणून कोणी मरतं का?"

"मरतं, काकू. ऑइल क्रँकपर्यंत, आत फिरणाऱ्या दांड्यापर्यंत चढलं की क्रँक ते घुसळतो, ताकासारखा फेस होतो. फेस ब्रीदरच्या, इंजिनाची वाफ सोडणाऱ्या पाइपातून हवेच्या वाटेनं परत इंजिनात जातो आणि जळतो. तोच निळा धूर. पण हा माझा अंदाज. सपाट जागेवर मोजल्याशिवाय मी शब्द देणार नाही."

सपाट जागा. वीरसिंगने आजूबाजूला पाहिले. अंगणात होळीचा मांडव घातला होता. शाळेचे मैदान नदीपलीकडे. मोहपाड्यात बाकी सगळे एकतर चढ किंवा उतार. एकच जागा राहिली होती: वाहरूबाबांचे खळे, शेणाने सारवलेले, तळहातासारखे. पण मळणीच्या खळ्यावर कोणी वहाण घालून पाय ठेवत नाही, तिथे जीप कुठली?

वाहरूबाबा खाटेवर बसून ढोलाच्या दोऱ्या ताणत होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले. "खळ्यावर चाक? जोडे काढून ये म्हणतो मी माणसाला. जीपचे जोडे कोण काढणार?"

"धुऊन देते मी," जसोदाबाई म्हणाली. "चारही पाय. म्हणाल तर हळद लावते."

म्हातारा हसू दाबत दोरीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "धुवा. हळद नको. ज्वारी निघाली आहे, खळं रिकामं आहे. पण ढोलाचा निकाल दुपारीच."

सव्वाआठला जीप उतारावरून घरंगळली, खोकत सुरू झाली आणि धुतलेल्या चाकांनी खळ्यावर येऊन थांबली. निशाने इंजीन बंद करायला लावले. घरातून पितळी थाळी आणून तिने ती खळ्यावर ठेवली, काठोकाठ पाणी भरले. पाणी सगळीकडून काठाला सारखे टेकले, एका बाजूनेही सांडले नाही.

"आता दहा मिनिटं. वर गेलेलं ऑइल खाली उतरू दे."

ती दहा मिनिटे वीरसिंगच्या आयुष्यातली सर्वांत लांब होती. पाड्यातली अर्धी माणसे खळ्याच्या कडेला उकिडवी बसली. धुडकू घड्याळ बघून मिनिटे सांगत होता, आणि प्रत्येक मिनिटाला टोमणा मारत होता, "सात झालं. भाऊ, ढोल बांधाले दोरी काढू का?"

दहाव्या मिनिटाला वीरसिंगने स्वतः पट्टी ओढली. पुसली, बुडवली, काढली. ऑइल वरच्या खुणेच्या दोन बोटे वर होते.

मग जसोदाबाई हळूच म्हणाली, "उपाशी नव्हती. अजीर्ण झालं होतं."

खळ्याभोवती हशा पिकला. वीरसिंगही हसला, पण कान तापले होते. ज्या सेवेचा त्याला अभिमान, तीच सेवा गाडीला बाधली होती. लाजेपेक्षा आनंद मोठा होता: इंजीन शाबूत असू शकत होते.

खळ्यावर ऑइलचा थेंबही सांडायचा नव्हता. जसोदाबाईने जुनी गोणपाटे अंथरली, वर परात ठेवली. वीरसिंग पाठीवर सरकत खाली गेला, पान्याने चेंबरखालचा नट सैल केला. गरम काळी धार परातीत पडली. निशा वर उभी राहून हाकारत होती, "बस. घट्ट करा. थांबा." पाच मिनिटे वाट, पट्टी, पुन्हा धार. तीन वेळा असे झाले. तिसऱ्यांदा ऑइल बरोबर वरच्या खुणेला आले. काढलेले ऑइल मापाने मोजले: सव्वादोन लिटर.

"साडेतीन घातलं, सव्वादोन निघालं," निशा वहीत लिहीत म्हणाली. "सव्वा लिटर धुरात गेलं."

"मन्हा डोयामा गयं," धुडकू डोळे चोळत म्हणाला.

सपाटीवर सेल्फशिवाय जीप सुरू कशी होणार? ढोल वाजवणारी आठ जवान माणसे मागे लागली, "हो रे, हो रे" करीत त्यांनी जीप खळ्याबाहेर उतारापर्यंत लोटली. इंजीन सुरू झाले. आवाज वेगळा होता. घशातला घुरघुराट गेला होता, वीरसिंगच्या तळपायाला ते आधी कळले.

दुपारी बाराला वाहरूबाबांनी निकाल दिला, पण अर्धाच. "ढोल वीरसिंगच्या गाडीत चढेल. धुडकू खिंडीपर्यंत रिकामी गाडी घेऊन मागे येईल. चढात ज्या वळणाला धूर दिसेल तिथे धुडकूने एक हॉर्न द्यायचा, तीन झाले की ढोल तिथेच त्याच्या गाडीत हलवायचा. मी वीरसिंगजवळ बसतो."

पाच वाजता ढोल चढला. मागे मोरपिसांचे टोप सांभाळीत आठ जण, पुढे वीरसिंग, वाहरूबाबा आणि त्यांच्याशेजारी निशा, वही मांडीवर. जीप निघाली. जसोदाबाईने दारातून हात केला.

पहिल्याच वळणाला वीरसिंगने आरशात पाहिले. मागे निळा धूर.

धुडकूचा हॉर्न वाजला. एकदा.

"निशा," वीरसिंग रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला.

निशाचा चेहरा उतरला होता. "पाइप. हवेचा पाइप साफ करायचा राहिला, काका. माझी चूक. आत जुनं ऑइल साचलंय, ते जळून जाईल. किती वेळ लागेल ते मला सांगता येणार नाही."

"किती वळणं?"

"नाही सांगता येणार."

दुसरे वळण. धूर होता. दुसरा हॉर्न. वाहरूबाबा समोर बघत होते, हात गुडघ्यांवर. मागच्या पोरांतल्या एकाने विचारले, "बाबा, ढोल सोडू का?" बाबांनी दोन बोटे वर केली. वीरसिंगने गिअर उतरवला, पाय हलका केला. जीपला रेटायचे नाही, चढू द्यायचे. तिसऱ्या वळणाला त्याने आरशात बघायचेच टाळले. कान फक्त हॉर्नकडे. हॉर्न आला नाही. चौथ्याला त्याने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिले: धूर धाग्याएवढा. पाचव्याला मागे फक्त धूळ होती, लाल, स्वच्छ, आणि तिच्यातून धुडकूच्या जीपचे दिवे.

निशाने मांडीवर मूठ आपटली. मागच्या कोणीतरी ढोलावर बोटांनी थाप दिली, दुसऱ्याने उत्तर दिले, आणि चढावरच आठ जणांनी सूर धरला.

खिंडीत वाहरूबाबांनी थांबायला सांगितले. वीरसिंगने जीप सवयीने तोंड खाली करून लावली, चाकाला दगड दिला. धुडकू उतरून आला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघू लागले.

"दोनदा वाजाडा हॉर्न," तो म्हणाला. "तिसरा वाजाडाले धूरच सापडना नही. बाबा, खोटं नही बोलाव, गाडी साफ शे." मग वीरसिंगला, "पन मन्ही गाडी आते सपाटीवर उभी करसू. मी बी रोज उतारवरच पट्टी देखस."

"ढोल इथेच राहील," वाहरूबाबा म्हणाले. "आणि वीरसिंग, दरवर्षी होळीआधी खळ्यावर ये. चाकं धुऊन."

जीप पुढे निघाली. मावळतीचा उजेड डोंगराच्या कडांवर होता, आणि प्रत्येक पाड्यावरून ढोलांचे आवाज काठीच्या दिशेने सरकत होते. वीरसिंग गात नव्हता, त्याला गाता येत नव्हते. तो स्टिअरिंगवर ताल धरत होता आणि इंजीन त्या तालाला साथ देत होते. सहा वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी जीप काठीच्या माळावर पोहोचली. मोहपाड्याचा ढोल वाटेत एकदाही गाडी न बदलता उतरला. त्याच्यासोबत उतरलेली माणसे: चढली तेवढीच, अकरा.