कोरड्या फडक्यातला दगड

जखमेवर ठेवण्याआधी सापाचं विष उतरवणारे बाबा काळा दगड दरवेळी कोरड्या फडक्याने पुसत, हे ताईने पहिल्या रांगेत बसून नीट टिपलं होतं.

गिर्यारोहण मंडळाच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. उद्या डोंगरावर निघणारी पोरं प्रथमोपचार शिकायला आलेली. बँडेज आणि मोडलेल्या हाडाला बांधायच्या फळ्या कोपऱ्यात ढकलून सगळी बाबांच्या तोंडाकडे बघत होती.

"साप चावला की दगड लावा, बाळांनो! विष पिऊन पोट भरलं की आपसूक गळतो. दवाखाना कशाला?"

"प्रत्येक सॅकमध्ये एकेक टाकतोय," सचिव अभिमानाने म्हणाले.

ताईने पिशवी मांडीवर ओढली. गेल्या वर्षी तिच्या धाकट्या भावाला साप चावला, तेव्हा याच बाबांनी त्याला दुपारभर दगड लावून बसवलं होतं. 'विष उतरलं' म्हणाले. संध्याकाळी तो गेला. ताई तक्रार द्यायला निघाली, तर आईने शपथ घातली, "शाप देतील गं!" ताईने सोबत आणलेली तीच आई आता शेवटच्या रांगेत खाली मान घालून बसली होती.

ताई उठली. पिशवीतून नवं ब्लेड काढून तिने अंगठ्यावर ओढलं.

"लावा दगड."

दगड घट्ट चिकटला. काही वेळाने गळला.

"बघा! विष ओढलं!"

"कुणाचं? ब्लेडचं?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. ताईने स्वतःजवळचा एक काळा तुकडा काढला.

"सचिवभाऊ, जीभ बाहेर."

तुकडा जिभेला चिकटला. सचिवांना धड बोलताही येईना.

"खाटकाकडचं हाड. डब्यात बंद करून मी भाजलं. त्याला बारीक छिद्रं असतात. ओल शोषतं म्हणून चिकटतं, छिद्रं भरली की सुटतं. बाबांचा दगडही हाच, म्हणून दरवेळी कोरडा पुसतात." तिने बाबांचा दगड पाण्याच्या ग्लासात टाकला. बुडबुडे आले. "आता चिकटवून दाखवा."

दगड अंगठ्यावरून घसरून पडला.

"बाटवलास!"

"रक्ताने बाटला नाही, पाण्याने बाटला?" ताई पोरांकडे वळली. "बिनविषारी साप चावलेले वाचतात आणि याचे गोडवे गातात. विषारी साप चावलेले तक्रार करायला उरत नाहीत. चावलेला हात-पाय हलवू नका, अंगठी काढा. कापू नका, आवळू नका. उचला आणि थेट दवाखाना गाठा. डोळे उघडे ठेवा रे!"

"भस्म होशील!" झोळी उचलत बाबा ओरडले. "तुझ्या घरात दिवा लावायला कुणी उरणार नाही!"

खुर्ची सरकली. आई दारात येऊन आडवी उभी राहिली.

"आधीच विझवलास की तो," ती म्हणाली. "ताई, पोलिसांना बोलाव. तक्रार मी देणार."