देव्हाऱ्यातली फ्लॉपी

जुनी म्हणून नाक मुरडू नका, मित्रांनो. मी एक जुनी संगणकप्रणाली आहे, आणि नाक मुरडायला तुमच्यापेक्षा माझ्याकडे जास्त कारणं आहेत. मला हात नाहीत, पाय नाहीत. मी संगणकाच्या पोटात राहते आणि त्याला शहाणं करते. मी नसले तर तो नुसता पत्र्याचा डबा.

नव्वदीच्या सुरुवातीला फ्लॉप्यांच्या चवडीवर बसून मी बेलापूरला आले, शामकांतरावांच्या छपाईच्या दुकानात. दुकानासमोरच देऊळ होतं, हे माझं भाग्य. मृदंगावर थाप पडली की मी कान टवकारायची. कीर्तनाचं वेड मला तिथेच लागलं. माणसांबद्दलचं मत मात्र तिथेच बिघडलं.

पहिल्या वर्षी लोक मला बघायला चपला बाहेर काढून येत. लग्नपत्रिका, सप्ताहाची पत्रकं, सगळं मी सुबक करून द्यायची. पुढे माझं अप्रूप ओसरलं. कीबोर्डवर भेळ सांडू लागली. डिस्क तपासावी, नको ते काढून टाकावं, हे कुणाच्या गावीही नव्हतं. दसऱ्याला मात्र झेंडूचा हार! समोर देवळात कीर्तनकार घसा फोडून सांगत होते, देवाला हार नको, सेवा हवी. शामकांतराव मान डोलवत होते. मानच ती, डोलायला काय जातंय?

माझ्यात काही उणिवा होत्या. त्या मी लपवत नाही. त्या काढण्यासाठी नगरच्या विक्रेत्याने दुरुस्तीची एक फ्लॉपी पाठवली. सोबत बजावलं होतं, 'पुढची नवी प्रणाली घेण्याआधी ही चालवा.' शामकांतरावांनी ती भक्तिभावाने दोन्ही हातांत घेतली, कुंकवाचं बोट लावलं, अक्षता वाहिल्या आणि देव्हाऱ्यात ठेवली. औषधाच्या बाटलीला उदबत्ती ओवाळून ताप उतरवणारी ही माणसं!

याच काळात गहिनीनाथबुवा दुकानात येऊ लागले. आयुष्यभर कीर्तन केलेला माणूस, पण आता दृष्टी जात चाललेली. स्वतः रचलेली आख्यानं त्यांनी कधी कागदावर उतरवली नव्हती. ते गाऊन सांगत आणि शामकांतरावांची मुलगी सुनीती टंकत असे. सप्ताहाच्या शेवटी, काल्याच्या दिवशी पुस्तक व्हावं, एवढीच म्हाताऱ्याची इच्छा. ती सगळी आख्यानं माझ्या स्वाधीन होती. दुसरी प्रत नव्हती. काढायची कुणाला सुचते? मला बाई एकटीलाच त्यांची राखण करावी लागे.

सप्ताह तोंडावर आला आणि पुण्याहून भाचा आला, अवधूत. खिशात नव्या प्रणालीची चकचकीत सीडी, डोक्यात हवा.

"मामा, अजून हे धूड चालवताय? म्युझियमवाले उचलून नेतील!"

"चालतंय की रे," शामकांतराव म्हणाले.

"बैलगाडीसुद्धा चालतेच की! नवीन टाकतो. चहा होईपर्यंत होईल."

"अरे, आधी बुवांची आख्यानं..." सुनीती म्हणाली.

"काही होत नाही गं ताई!"

काही होत नाही म्हणणाऱ्यांच्या हातूनच सगळं होतं, मित्रांनो. नवी बया माझ्या अंगावर येऊन बसली. माझ्या उणिवा तशाच, डिस्क तुंबलेली. अर्ध्या वाटेत ती अडखळली, मीही कोसळले. पडदा काळा झाला. तिचा पत्ता नाही, माझाही नाही. चहा मात्र झाला होता.

अवधूतने दोनचार बटणं बडवली. कपाळ पुसलं. "मामा, सगळं पुसून कोरं करतो आणि नव्याने टाकतो."

"आणि आख्यानं?" सुनीतीचा आवाज चिरकला.

कोपऱ्यातल्या बाकावर गहिनीनाथबुवा बसले होते. ते काठी टेकत उठले. "पोरा, सप्त्यात वीणा बघितलीस का कधी?"

"हो, बघितली आहे."

"इणेकरी दमला म्हून वीणा भुईवर ठिवतो का?"

"नाही."

"फुडचा हुबा ऱ्हातो, पाया पडतो, वीणा त्याच्या गळ्यात पडती. मगच पयला मोकळा हुतो. आन् तू तर निगाला गळ्यातली वीणा उकिरड्यावर टाकाया! शामराव, तुमी तर दर साली वीणेचा पहारा करता. तुमाला बी कळंना व्हय?"

शामकांतराव वरमले. मग देव्हाऱ्याकडे बघत पुटपुटले, "ती फ्लॉपी..."

"कुठली फ्लॉपी?" अवधूतने विचारलं. बघितली आणि हसावं की रडावं त्याला कळेना. "मामा, कुंकू?"

सुनीतीने पदराच्या टोकाने कुंकू पुसलं, फुंकून अक्षता उडवल्या. जुन्या फ्लॉप्यांवरून तिने आणि अवधूतने मला आधी उभं केलं, मग दुरुस्ती चालवली. दुखलं, पण अंग हलकं झालं. सुनीतीने एकेक आख्यान कोऱ्या फ्लॉपीवर उतरवून घेतलं. शेवटचं उघडलं तेव्हा बुवांनी ते तिच्याकडून वाचून घेतलं आणि डोळे मिटून तिच्याबरोबर गुणगुणले. त्यानंतरच नवी बया आत आली. वीणा तिच्या गळ्यात घालून मी मोकळी झाले.

काल्याच्या दिवशी पुस्तक बुवांच्या हातात पडलं. दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी ते हुंगलं आणि छातीशी धरलं. त्या क्षणापुरता माणसांचा सगळा राग मी विसरले. क्षणापुरताच हं!

आता मी कुठे आहे? शामकांतरावांनी माझ्या फ्लॉप्या कृतज्ञतेने देव्हाऱ्यात ठेवल्या आहेत. कुंकू लावून. आणि परवा त्या नव्या बयेच्या दुरुस्तीची फ्लॉपी नगरहून आली. ती माझ्याच शेजारी बसली आहे, अक्षतांसकट.

मित्रांनो, तुमच्या घरी असं काही देवापुढे ठेवलेलं असेल, तर नमस्कार करा, उचला आणि कामाला लावा. देव रागावत नाही. मी शेजारीच बसते, मला ठाऊक आहे.