खवल्यांचा वाघ

त्या छपाईच्या शेडमध्ये थोरल्या भावाला सगळे दादा म्हणायचे आणि धाकट्याला खटपट्या. दादाला दादा म्हणायला काही कारण लागत नव्हतं, तो पाळण्यातच मोठा होऊन आला होता. खटपट्याला मात्र आपलं नाव घाम गाळून कमवावं लागलं होतं. काम तसं सरळ. कंपन्यांचे टी-शर्ट यायचे, त्यांच्यावर कंपनीचं नाव नि चित्र छापायचं. शर्ट टेबलावर बसवायचा, वर जाळीची फ्रेम टेकवायची, शाई ओतायची, रबराची पट्टी ओढायची, शर्ट भट्टीतून भाजून काढायचा. पुढचा घ्यायचा. डोळे मिटून करावं असं काम. पण खटपट्याने डोळे मिटले की त्याचं डोकं चालू व्हायचं, तीच तर सगळ्यांची रड होती.

कधी शाईत खायचा सोडा घालून अक्षरं फुगवून बघ, कधी जाळीला जुन्या पडद्याचं कापड लाव. एकदा त्याने कणीक चाळायची चाळणी पळवली. बायको शेडमध्ये येऊन चाळणी मागायला लागली, तर चाळणी निळीशार.

"आता पोळ्या निळ्या झाल्या तर?" ती म्हणाली.

"मग दादाला वाढ," खटपट्या म्हणाला. "तो ताटात बघतो कुठे, नुसता जेवतो."

दादाच्या पोटावरून त्याची अशी सारखी गंमत चालायची. आणि त्या गमतीतूनच पुढचं सगळं रामायण घडलं.

दादाला तंग, ताणणारे टी-शर्ट घालायची हौस. त्यातल्या एकाच्या पाठीवर खटपट्याने गुपचूप छपाई केली. साधी नव्हे. शर्ट फळीवर मस्त ताणून बसवला आणि माशाच्या खवल्यांसारखे बारीक बारीक राखाडी ठिपके छापले. ठिपक्यांच्या मधल्या फटींत लाल शाईने अक्षरं भरली. शर्ट फळीवरून काढला तसं कापड आखडलं, खवले एकमेकांना भिडले, अक्षरं गुडूप. नुसती राखाडी नक्षी राहिली. दादा खूश. म्हणाला, "बघ, असं साधं काम करत जा."

दुपारी गिऱ्हाइकं बसली होती. वरच्या फळीवरचा शाईचा डबा काढायला दादाने हात उंच केले. पाठ ताणली गेली आणि पाठीवर लालभडक अक्षरं उमटली : जेवण कमी करा. हात खाली, अक्षरं गायब. हात वर, पुन्हा हजर. दादाला कळेना, सगळे का फिदीफिदी हसताहेत. तो चिडून अजून वर हात करायचा आणि हसणारे अजून लोळायचे.

त्या हसणाऱ्यांत एक मॅडम होत्या. खेळाचे कपडे विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीची खरेदी त्या बघायच्या. डोळे पुसत त्यांनी विचारलं, "हे आमच्या शर्टावर जमेल? आमच्या कंपनीचा वाघ आहे ना, झोपलेला. व्यायाम करणाऱ्याने छाती ताणली की वाघाने डोळे उघडले पाहिजेत."

"उघडेल," खटपट्या म्हणाला. "डरकाळी तेवढी तुमची तुम्ही बघा."

मॅडम गेल्या आणि दादाने शेडचं दार लोटलं. अंगातला शर्ट काढून, ताणून त्याने अक्षरं वाचली होती. खटपट्याला वाटलं, आता पाठीत धपाटा. पण दादा शांत होता आणि ते जास्त वाईट होतं.

"मी मशीन बघून ठेवलंय," दादा म्हणाला. "कॉम्प्युटरवरून चित्र सोडायचं, ते आपोआप छापतं. ही टेबलं, फ्रेमा, भट्टी, सगळं भंगारात."

"आणि मी?"

"तू बटण दाबायचं."

"बटण दाबायला मी कशाला? वीट ठेव त्यावर एक."

दादा हसला नाही. "आयुष्यभर तुझ्या थट्टा झेलल्या मी. आता एकदाच ऐक. हा वाघ घे. लोकांच्या अंगावर टिकला, तर टेबलं राहतील, मशीनचं नाव पुन्हा माझ्या तोंडून येणार नाही. उडाला, तर टेबलांचं नाव तू काढायचं नाहीस."

खटपट्याने हात पुढे केला. दादाने तळवा आधी तपासून घेतला, शाईबिई लावलीय का ते, मग टाळी दिली.

त्यानंतर खटपट्याला तहानभूक राहिली नाही. वाघ छापायचा, ताणायचा, भिंगातून बघायचा, शिव्या द्यायच्या, पुन्हा छापायचा. कधी एकच डोळा उघडायचा आणि वाघ डोळा मारल्यासारखा दिसायचा. कधी दोन्ही उघडायचे, पण तिरळे. शेवटी एका सकाळी वाघाने नीट डोळे उघडले, नीट मिटले, आणि खटपट्या टेबलाला टेकून खालीच बसला. टेबलाच्या लाकडावर वर्षानुवर्षांच्या शाईची साय चढलेली होती. त्यावरून तो हात फिरवत राहिला, एखाद्या म्हाताऱ्या बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

राहिली धुण्याची परीक्षा. मॅडमना घाई होती. त्यांचे शर्ट दुकानांत पोचायची तारीख ठरली होती. "आमच्याकडे तपासत बसायला आता सवड नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हीच घरी भरपूर धुवून बघा. तुमच्यावर सोडते."

आता शर्ट घरी कोण धुतं? बायको. खटपट्या रोज सकाळी वाघाचे शर्ट न्हाणीघरात धुण्याच्या मशीनवर ठेवायचा आणि ओरडायचा, "अगं, एवढे धुवून टाक गं. जपून हं, माझा जीव आहे त्यात." संध्याकाळी शर्ट घडी घालून तयार. तो भिंग लावून एकेक खवला बघायचा. एकही हललेला नाही. दिवसांमागून दिवस गेले, धुण्यामागून धुणी झाली, वाघ जसाच्या तसा. तो बायकोसमोर शर्ट घालून छाती फुगवायचा, वाघ तिच्याकडे बघायचा, आणि ती म्हणायची, "दोघंही झोपलेलेच बरे दिसता."

दादानेसुद्धा शर्ट ओढून, नखाने खरवडून बघितला. म्हणाला, "मानलं बाबा." एवढंच. पण दादाचं 'मानलं' म्हणजे दगडाला पाझर.

माल गेला. एकदा रस्त्यात समोरून धावत येणाऱ्या एका अनोळखी माणसाच्या छातीवर खटपट्याला आपला वाघ दिसला. श्वास आत, डोळे उघडे. श्वास बाहेर, डोळे बंद. खटपट्या भर रस्त्यात त्याच्या बाजूने धावायला लागला. तो माणूस घाबरून जोरात पळाला. वाघाचे डोळे मग मिटेचनात.

सुख म्हणतात ते तेवढंच.

मॅडम पुन्हा आल्या तेव्हा हातात मोठी पिशवी होती. त्यांनी ती टेबलावर उपडी केली. शर्टच शर्ट, सगळे परत आलेले. वाघाला खरूज झाल्यासारखं. कुठे अर्धा जबडा, कुठे नुसती मिशी, कुठे डोळ्यांच्या जागी टक्कल. एका छोट्या डबीत कुणीतरी धुण्याच्या मशीनच्या जाळीत अडकलेले खवले गोळा करून पाठवले होते, राखाडी भुशासारखे.

"दोन-तीन धुण्यांत," मॅडम म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता. "तुम्ही भरपूर धुवून बघितले होते ना?"

"रोज," खटपट्या म्हणाला. "रोज धुतले. शप्पथ."

"मग हे टक्कल कसं पडलं?"

त्याने एक शर्ट उचलून खिडकीशी नेला. भिंग लावायचीही गरज पडली नाही. खवल्यांनी कापडाला नीट धरलेलंच नव्हतं. खाली चिकट शाईचा एक पातळ थर हवा होता आणि भट्टी जरा सावकाश फिरवायला हवी होती. बस्स. एवढंच. पहिल्याच धुण्यात एक खवला जरी गळला असता, तरी त्याने संध्याकाळच्या आत इलाज केला असता. मग गळला का नाही?

तो तसाच घरी निघाला. मॅडम आणि दादा बघत राहिले.

न्हाणीघराचं दार उघडं होतं. धुण्याचं मशीन घरघरत होतं, त्यात चादरी होत्या. बायको बाजूला पाटावर बसली होती. समोर घमेल्यात थंड पाणी, पाण्यात उलटा केलेला वाघाचा एक शर्ट, तिने स्वतःसाठी ठेवून घेतलेला. साबण नाही. ती तो पाण्यात नुसता वरखाली करत होती, तान्ह्या बाळाला आंघोळ घालावी तसा. मग तिने तो पिळलाही नाही. टॉवेलात गुंडाळला, तळव्याने दाबला आणि खिडकीच्या आत, सावलीत, आडवा पसरला.

"असेच धुवायचीस?" त्याने विचारलं. "सगळे?"

ती दचकली, मग हसली. "मग काय मशीनमध्ये घालू? तुमचा जीव होता ना त्यात. मागे तुमच्या नक्षीवरून इस्त्री फिरवली होती, तर चार दिवस घरात तोंड उघडलं नव्हतंत. तेव्हाच ठरवलं, पुन्हा आपल्या हातून यांचं काही बिघडायला नको."

धुवायचे कशासाठी, हे त्याने तिला कधी सांगितलंच नव्हतं. त्याला वाटलं होतं, त्यात सांगायचं काय? तिला वाटलं होतं, शाईचा वास जायला देत असतील.

"काय झालं?" ती म्हणाली.

"काही नाही," तो म्हणाला. "छान धुतलेत."

शेडमध्ये परत आला तेव्हा मॅडम निघून गेल्या होत्या. दादा एकटाच टेबलाशी उभा होता.

"बोल," दादा म्हणाला. "धुतले होते म्हणतोस. कुणी धुतले? कसे धुतले? मला कळू दे तरी."

खटपट्याला खरं सांगता आलं असतं. दोन वाक्यांचं काम. पण ती दोन वाक्यं दादापासून नातेवाइकांत जाणार, नातेवाइकांतून गल्लीत, आणि मग जन्मभर कुणी तिच्याकडे बघून म्हणणार, हिने हळुवार धुतलं नि नवऱ्याचं दुकान धुऊन निघालं. हसतील लोक. लोकांना हसवण्यात त्याची हयात गेली होती. लोक कशाला हसतात ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

"धुतलेच नव्हते," तो म्हणाला. "कंटाळा आला. थापा मारल्या."

दादाने क्षणभरही शंका घेतली नाही. खटपट्याच्या आयुष्यातली एवढी सहज खपलेली थाप दुसरी नसेल.

"दादा, पण शाईचं मला कळलंय. खाली एक थर दिला ना, आणि भट्टी हळू..."

"टेबलांचं नाव काढायचं नाही," दादा म्हणाला.

भंगारवाले आले. टेबलं दारातून जाईनात, म्हणून तिथेच कापली. जुन्या शाईची साय लाकडावरून पापुद्र्यांनी सुटत होती, लाल, निळी, पांढरी. एक भंगारवाला म्हणाला, "काय सुंदर दिसतंय," आणि झाडून पोत्यात भरलं.

संध्याकाळी खटपट्या घरी आला तर बायको दारातच उभी.

"दादा येऊन गेले. म्हणाले, तुझ्या नवऱ्याने शर्ट धुतलेच नव्हते, तसं स्वतः कबूल केलं. मग मी इतके दिवस काय धूत होते?"

त्याने टाळायचा प्रयत्न केला. एक विनोद करून बघितला, दुसरा करून बघितला. ती हलली नाही. शेवटी त्याने सांगितलं. ती ऐकताना एकेक बोट पदराला पुसत होती, हात कोरडे असूनही. मग चपला घातल्या.

"कुठे?"

"दादांकडे. हे सगळं माझ्या हातून झालंय आणि थापाडे तुम्ही ठरताय. आणि इलाज माहीत आहे म्हणता ना? मग झालं तर."

"तो ऐकायचा नाही गं."

"माझं ऐकतील. मी कधी थट्टा केलीय त्यांची?"

ती पुढे, हा मागे. दादाच्या दारात तिने सगळं सांगितलं. घमेलं, थंड पाणी, टॉवेल, सावली. दादा तिचं पूर्ण ऐकून घेत होता. तिच्यावर तो कधी आवाज चढवत नसे. सगळं झाल्यावर त्याने तिच्या खांद्यावरून मागे बघितलं.

"हिला तरी सोडायचं होतंस रे," तो खटपट्याला म्हणाला.

"मी खोटं बोलत नाहीये, दादा," ती म्हणाली.

"तू नाही बोलत गं. तू धुतले असशील दोन-चार. बाकीचं याने तुझ्या गळी उतरवलंय. माल कच्चाच होता, ते याला पहिल्यापासून ठाऊक होतं. आधी स्वतःवर घेऊन बघितलं, आता टेबलं गेली तशी गोष्ट बदलली, आणि नाव तुझं पुढे केलं. मी काय याला आज ओळखतोय?"

"तसं नाही..." खटपट्या म्हणाला.

"मशीन येतंय," दादा म्हणाला. "ये कामावर. नाही आलास तर वीट ठेवीन." आणि दार लावून घेतलं.

दोघं परत निघाली. दुकानांचे दिवे लागत होते. अर्ध्या वाटेवर ती थांबली.

"एक विचारू?"

"विचार."

"खरंच माझ्या धुण्यामुळेच ना? की..."

ती बघत होती फक्त, दादा बघायचा तसं, तळव्याला काही लावलंय का ते आधी तपासून घ्यावं तसं. हो म्हणावं, तर सगळं तिच्याच माथ्यावर. नाही म्हणावं, तर दादा खरा. खटपट्याने तोंड उघडलं. आजवर याहून वाईट पेचातून तो चुटका सांगून निसटला होता, पण आता जिभेवर काहीच येईना.

ती थोडा वेळ थांबली. मग चालायला लागली, आणि तो सोबत येतोय की नाही हे तिने वळून बघितलं नाही.